मदत हवी आहे : आईचे डबे आणि सोसायटीची नोटीस

डबेवालीचा_लेक

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचक असतो, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आई लॉकडाउनपासून पोळी-भाजीचे डबे देते. पुणे, सिंहगड रस्त्याच्या आतली गल्ली, ४८ फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी. तळमजल्यावर आईच्या नावावर एक वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) आहे, तिथून सगळं चालतं. आता सकाळी चाळीसेक आणि संध्याकाळी पंचवीस डबे जातात. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे नोकरदार, शिकणारी मुलं, आणि आमच्याच सोसायटीतले सहा ज्येष्ठ नागरिक. ज्यांनी नोटिशीवर सही केली ते सचिवकाकाही एकादशीला साबुदाण्याची खिचडी इथूनच नेतात, पण ते असो.

मागच्या आठवड्यात नोटीस आली. 'निवासी गाळ्याचा व्यावसायिक वापर ७ दिवसांत बंद करावा, अन्यथा दरमहा ३००० रुपये व्यावसायिक आकार लावण्यात येईल व पाणीजोडणी खंडित करण्यात येईल.' सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा विषयच नव्हता. कुणी आईशी तोंडी बोललंही नाही. ती दोन दिवस जेवली नाही.

आमच्याकडे शॉप अ‍ॅक्टची (दुकाने-आस्थापना कायद्याखालची) ऑनलाइन पावती आहे आणि अन्न परवान्याची नोंदणीही आहे. म्हणजे कागद पूर्ण आहेत. तरी सोसायटी बंद करायला लावू शकते का? ३००० कुठून आले? आणि महापालिकेकडे आपणच आधी गेलेलं बरं की गप्प बसलेलं? जाणकारांनी कृपया सांगा.

वरणभात_प्रेमी

उपयोगाचं काही सांगता येत नाही, पण सिंहगड रस्त्यालाच राहतो. रविवारी डबा असतो का?

निवृत्त_नकाशेवाला

मी एका नगरपालिकेत (पुण्यात नव्हे) बांधकाम परवानगीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली. तुमच्यासारखी माणसं पावत्यांची फाइल छातीशी धरून यायची, म्हणून आधी त्याबद्दलच बोलतो.

शॉप अ‍ॅक्टचा २०१७ चा नवा कायदा आल्यापासून कामगार थोडेच असतील तर नोंदणी लागतच नाही, फक्त धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची असते. तुमची पावती म्हणजे ती सूचना पोचली एवढंच. अन्नाची नोंदणी तुम्ही खाद्यपदार्थ करता आणि स्वच्छतेचे नियम पाळाल असं म्हणते. त्या खोलीत धंदा चालवायची परवानगी आहे असं यांपैकी एकही कागद म्हणत नाही. ते ठरतं मंजूर नकाशावर आणि भोगवटा प्रमाणपत्रावर (बांधलेली इमारत वापरायला दिलेला पालिकेचा दाखला). नकाशात त्या खोलीवर 'निवासी' लिहिलं असेल तर ती निवासी. वापर बदलायचा तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, कारण त्या कायद्याच्या भाषेत एक वीटही न हलवता वापर बदलणं हासुद्धा 'विकास' असतो.

आता घाबरण्याआधी चार गोष्टी सांगा. आई त्याच खोलीत राहतात का? मदतीला पगारी माणसं आहेत का? गॅस कुठला? आणि समोरचा रस्ता किती मीटरचा?

जुनाजाणता

एवढं काय त्यात? नगरसेवकाला जाऊन भेटा, एक फोन करेल, सोसायटी गप्प. आमच्याकडे असंच झालं.

निवृत्त_नकाशेवाला

@जुनाजाणता, नगरसेवकाच्या फोनने नोटीस थांबते, नकाशा बदलत नाही. पुढच्या निवडणुकीत नोटीस परत येते, आणि या वेळी फोन दुसऱ्या बाजूने आलेला असतो.

डबेवालीचा_लेक

काका, मनापासून आभार. उत्तरं देतो.

दोन मावशी पोळ्या लाटायला येतात. एक सकाळी, एक दोन्ही वेळेला. त्यांना महिन्याचे पैसे देतो. गॅस घरगुतीच आहे, दोन सिलिंडर, एक आईच्या नावावर, एक माझ्या. रस्ता मोजलेला नाही, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं एवढं सांगू शकतो.

राहण्याचं म्हणाल तर आम्ही सगळे बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईसुद्धा. वन आरकेमध्ये ती पहाटे साडेचारला जाते आणि दुपारी थोडी पडते तिथेच. त्याला राहणं म्हणतात का?

निवृत्त_नकाशेवाला

नाही म्हणत. आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, कारण आता प्रकरण वेगळं झालं.

मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० पासून बांधकामाची आणि जागेच्या वापराची एकच नियमावली आहे, तोंडात बसलेलं नाव यूडीसीपीआर. तिच्यात निवासी विभागात घरगुती उद्योगाला जागा ठेवलेली आहे. पण तो कुणी करायचा? तर घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता. शिवणकाम, भरतकाम ही त्यातली जुनी उदाहरणं. आई राहत्या घरात स्वतः आणि तुमच्या बायकोने मिळून पंधरा डबे केले असते तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो. इथे राहणारं कुणी नाही, पगारी माणसं दोन, डबे पासष्ट. हे नियमाच्या डोळ्यांना घर दिसत नाही, स्वयंपाकाचा कारखाना दिसतो. शब्द कडू वाटेल, पण महापालिकेचा निरीक्षक आला तर हाच शब्द मनात धरून येईल.

रस्त्याचं का विचारलं ते सांगतो. गावठाणात, म्हणजे दाट वस्तीत ९ मीटर आणि त्याबाहेर १२ मीटर किंवा जास्त रुंद रस्ता असेल तर परवानगी असलेल्या वापरांची यादी बरीच मोठी होते. त्याखाली ती आखूड असते. दोन गाड्यांना अडचण होत असेल तर तुमचा रस्ता १२ मीटर नाही हे टेप न लावता कळतं.

आणि घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. १४.२ किलोचा लाल घरासाठी, १९ किलोचा धंद्यासाठी. कुणी तक्रार केली तर सगळ्यात आधी यातच अडकाल. नकाशाच्या नोटिशीला महिने लागतात, सिलिंडर त्याच दिवशी उचलून नेतात.

तिसरा_मजला_डावीकडे

दुसरी बाजूही ऐका. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षं असंच 'घरगुती' किचन होतं. सकाळी पाचला मिक्सर. लाल मिरचीची फोडणी बसली की माझी मुलगी खोकत उठायची. जिन्याच्या तोंडाशी डिलिव्हरीवाल्यांच्या चार दुचाकी कायम उभ्या. खरकट्याने ड्रेनेज तुंबायचं आणि सफाईचा खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जायचा. त्या बाई स्वभावाने फार चांगल्या होत्या, दिवाळीला चकल्या द्यायच्या. आम्ही पण दीड वर्षं तोंड उघडलं नाही ते त्यामुळेच. मग एकदम लेखी तक्रार केली, आणि त्यांनाही तुमच्या आईसारखंच वाटलं असणार की आधी बोलले का नाहीत.

तुमच्याकडे नेमकी कुणाची, कशाची तक्रार आहे ते शोधलंत का? धूर, की गाड्या, की पाणी?

उपविधी_वाचक

वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा आहे, तसाच घ्या.

सोसायटीच्या नोटिशीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. पहिली, वापर. नमुना उपविधींप्रमाणे (सोसायट्यांनी कारभार कसा करायचा याचे शासनाने आखून दिलेले नियम) गाळा ज्या कारणासाठी दिला त्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी समितीच्या लेखी परवानगीशिवाय वापरता येत नाही. इथे सोसायटी बरोबर आहे. लेखी काही नसेल तर सहा वर्षं कुणी बोललं नाही याला परवानगी म्हणत नाहीत.

दुसरी, ३००० रुपये. 'व्यावसायिक आकार' नावाचं काही समितीने खोलीत बसून ठरवायचं नसतं. भाड्याने दिलेल्या गाळ्यावर जे बिनभोगवटा शुल्क लागतं तेसुद्धा १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलेलं आहे, आणि तुमचा गाळा भाड्याने दिलेलाच नाही. उपविधी मोडल्याचा दंड लावायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं ऐकून घेणं, मग सर्वसाधारण सभेचा ठराव. त्यालाही नमुना उपविधींत वर्षाला ५००० ची मर्यादा आहे. दरमहा ३००० म्हणजे वर्षाचे ३६,०००. हे टिकणार नाही.

तिसरी, पाणी. शिक्षा म्हणून पाणी तोडायचा अधिकार समितीला नाही. हे वाक्य तुमच्या उत्तरात ठळक येऊ द्या.

उत्तर लेखी द्या, पोच घ्या, भाषा मवाळ ठेवा. त्यात 'आमचा व्यवसाय पूर्णपणे कायदेशीर आहे' असं चुकूनही लिहू नका. उद्या तेच पत्र महापालिकेच्या फाइलला लागेल. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे मागा. नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडे अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

दादरकर_मूळचा

मुंबईतल्यांनी हा धागा वाचून परस्पर काही ठरवू नका, आपल्याकडे वेगळी नियमावली, डीसीपीआर २०३४, लागू आहे. बाकी चालू द्या.

डबेवालीचा_लेक

@तिसरा मजला, विचारलं. तक्रार गाड्यांची आहे. आमचा एक डिलिव्हरीवाला रोज एका आजोबांच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावायचा आणि ते चारदा आईला सांगून गेले होते. आईने मला सांगितलंच नव्हतं. तिच्या मते ते 'असंच बोलत होते'.

आणखी एक विचारतो. वीज घरगुती दराने आहे, आणि मिळकत कराच्या बिलात ४० टक्के सवलत आहे. हेही अंगाशी येईल का?

निवृत्त_नकाशेवाला

४० टक्क्यांची सवलत स्वतः राहण्याच्या घराला आहे. जिथे कुणी राहत नाही आणि धंदा चालतो तिथे ती घेणं म्हणजे फरकाच्या रकमेची वाट पाहणं.

मीटर_रीडिंग

विजेचं मी सांगतो. राहत्या घराच्या एका भागातून धंदा करत असाल आणि महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत असाल तर महावितरण घरगुती दरच लावतं. हे फारसं कुणाला माहीत नसतं, शिवणवाल्या-पार्लरवाल्या बायका उगाच घाबरून असतात. पण पुन्हा तेच, 'राहत्या घराच्या'. तुमची खोली त्यात बसत नाही. वापर अनधिकृत ठरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, तीही मागची. व्यावसायिक दरासाठी आपणहून अर्ज करा, स्वस्त पडेल.

जुनाजाणता

म्हणजे माणसाने पोट भरायचं नाही तर. मोठमोठे बार निवासी इमारतीखाली चालतात ते दिसत नाहीत कुणाला.

उपविधी_वाचक

दिसतात. पण 'तो पण करतो' हा बचाव कुठल्याच सुनावणीत चाललेला मी पाहिलेला नाही.

@लेक, तुमच्यासमोर दोनच रस्ते दिसतात. वापरबदलाचा अर्ज परवानाधारक आर्किटेक्टकडून करायचा. त्याला सोसायटीचं ना-हरकत लागणार, पार्किंगचा हिशोब परत होणार, आणि रस्ता अरुंद असेल तर तो फेटाळला जाणार. किंवा राहत्या घरात झेपेल तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं नकाशात 'दुकान' लिहिलेल्या गाळ्यात न्यायचं.

डबेवालीचा_लेक (पाच आठवड्यांनी)

पुढे काय झालं ते कळवायचं होतं, उशीर झाला.

आधी आजोबांकडे आई स्वतः गेली, डबा घेऊन नाही, नुसती गेली. स्कूटर त्या दिवसापासून गेटबाहेर. मग सोसायटीला पत्र दिलं, वकीलसाहेबांनी सांगितलं तसं, मवाळ. समितीने बोलावून ऐकून घेतलं. ३००० चा विषय मागे घेतला, पाण्याबद्दल सचिवकाका म्हणाले ते वाक्य 'नमुन्यात होतं म्हणून राहिलं'. वापराच्या मुद्द्यावर मात्र ते हलले नाहीत आणि मीही फार ओढलं नाही. तीन महिन्यांची मुदत लेखी मिळाली आहे.

रस्ता मोजला. साडेसात मीटर. वापरबदलाचं तिथेच संपलं.

मुख्य रस्त्याच्या बाजूला एक शटरचा गाळा बघितलाय, नकाशात दुकान म्हणूनच आहे, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मालकाने न मागता दाखवली. भाडं ऐकून आई म्हणाली डब्यामागे बारा रुपये वाढवावे लागतील आणि दोन ज्येष्ठांना ते झेपणार नाहीत. त्या दोघांचा स्वयंपाक ती वर, आमच्या ओट्यावरच करणार आहे, स्वतः. त्याला तरी कुणाची हरकत नसावी.

घरगुती सिलिंडर त्या खोलीतून त्याच आठवड्यात उचलले. तोपर्यंत इंडक्शनवर चाललंय, पोळ्यांना वेळ लागतोय आणि मावशी वैतागल्यात. व्यावसायिक विजेचा अर्ज केला आहे.

आता शेवटचा प्रश्न. गाळ्यासाठी १९ किलोचं कनेक्शन घ्यायचं तर एजन्सीला नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, की नोटरीवर चालतं? मालक नोटरीच म्हणतोय.

उपविधी_वाचक

एजन्सी काय मागेल ते एजन्सीला विचारा. पण करार नोंदणीकृतच करा, मालक काहीही म्हणो. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, भाडे नियंत्रण कायद्यातच लिहिलंय. त्याला हे सांगा आणि चेहरा बघा.

वरणभात_प्रेमी

गाळा झाला की पत्ता टाका. बारा रुपये जास्त द्यायची तयारी आहे.