ठेक्यावरच्या बायकांचे कोड दर सीझनला बदलतात. फ्रापे एचआरमध्ये मांडणी कशी करावी?

मिरजोळे_एचआर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमचा कारखाना मिरजोळे एमआयडीसीत. एप्रिल-मेमध्ये हापूसचा पल्प, ऑगस्टपासून कोळंबी आणि माकूल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा फक्त साफसफाई आणि मेंटेनन्स. कायम माणसं थोडी, बाकी सगळ्या बायका ठेकेदारांमार्फत येतात. पगारी माणसांचं फ्रापे एचआर या हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरळीत चाललंय. गाडं अडलंय ते ठेक्यावरच्यांपाशी.

एकच बाई आंब्याला एका ठेकेदाराकडून येते, कोळंबीला दुसऱ्याकडून, आणि दर वेळी तिला नवा एम्प्लॉयी कोड पडतो. मागच्या ऑडिटला सोलायच्या टेबलावरच्या एका मावशींचं मेडिकल मागितलं. तपासणी झालेली, टायफॉइडची लसही टोचलेली, पण ते सगळं आंब्याच्या कोडवर. कोळंबीच्या कोडवर काहीच नाही. मावशी हातमोजे काढून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. बारा-पंधरा वर्षं इथे येणाऱ्या बाईला आपल्या रेकॉर्डमध्ये ओळख नसावी, हे मला फार लागलं.

यांना एम्प्लॉयी म्हणून घ्यावं की वेगळी यादी ठेवावी? ठेकेदार बदलला की जुन्या कोडचं काय करायचं? बायोमेट्रिकचा आयडी जुन्या कोडवर असतो, तो नव्या कोडला टाकला तर सॉफ्टवेअर घेत नाही.

लोटे_शटडाऊन (खेड)

ताई, लोट्याला केमिकल कंपन्यांच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतो तेव्हा) आमच्याकडे हेच होतं. फिटर तेच, ठेकेदार दरवर्षी वेगळा.

माणूस आणि नेमणूक या दोन गोष्टी वेगळ्या करा. माणसाला कोड एकदाच, कायमचा. मेडिकल, लस, फोटो, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), बोटाचा ठसा हे सगळं त्या कोडवर. ठेकेदार, कामाचा प्रकार, दर, कधीपासून कधीपर्यंत, हे नेमणुकीवर. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे तयार मिळतं. ओरॅकलमध्ये व्यक्तीचा नंबर एकच राहतो आणि त्याखाली वर्क रिलेशनशिप कितीही होतात. सक्सेसफॅक्टर्समध्ये कंत्राटी माणसाला वर्क ऑर्डर जोडतात, त्यात व्हेंडर आणि शेवटची तारीख असते. फ्रापेत हे हाताने बांधावं लागेल, पण जड नाही.

एम्प्लॉयीच करा, एम्प्लॉयमेंट टाइप ‘कॉन्ट्रॅक्ट’. मग ‘ठेका नेमणूक’ नावाचा एक नवा डॉकटाइप (फ्रापेतला नोंदीचा फॉर्म) बनवा. त्यात एम्प्लॉयीची लिंक, ठेकेदाराची लिंक (ठेकेदार सप्लायर म्हणून असेलच), वर्क ऑर्डर नंबर, दोन तारखा. शेवटची तारीख सक्तीची ठेवा, ती रिकामी राहिली की माणूस कागदावर वर्षानुवर्षं कामावरच दिसतो. नवी नेमणूक आधीच्या तारखांवर चढत असेल तर सेव्ह होऊ देऊ नका.

ठसा अडतो कारण अटेंडन्स डिव्हाइस आयडी एका वेळी एकाच एम्प्लॉयीला लागतो. कोड एकच राहिला की हा प्रश्न उरतच नाही. जूनमध्ये कोड ‘लेफ्ट’ (काम सोडलं) करू नका, ‘इनॲक्टिव्ह’ करा आणि ऑगस्टला परत चालू करा. आधीचे दुहेरी कोड शोधायला यूएएन वापरा. नावावर जाऊ नका, माहेरचं-सासरचं नाव आणि स्पेलिंग यात फसगत होते.

सॅलरी स्ट्रक्चर आणि रजेचं धोरण या मंडळींना अजिबात जोडू नका. पगार ठेकेदार देतो. कागदोपत्री तो ठेकेदाराचा माणूस आणि रजा मात्र आमचा सुपरवायझर सिस्टिममधून मंजूर करतोय, असं दिसलं तर उद्या ठेका खरा की नावापुरता हा वाद उभा राहतो. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हाच फरक केला. ठेका खरा असेल तर माणूस आपोआप कायम होत नाही, ठेका दिखाऊ निघाला तर गोष्ट वेगळी.

काजू_वेंगुर्ला

ह्यां आमच्याकडे पण असांच होता. काजू सोलणाऱ्या बायका किलोवर. तुमची कोळंबीही किलोवरच असेल, तर नुसत्या हजेरीवर बिल जुळणार नाही. टेबलावरचं वजन त्याच दिवशी त्या बाईच्या कोडवर चढवा. आम्ही पूर्वी वजनाची वही ठेकेदाराच्या माणसाकडे ठेवायचो, महिन्याअखेर बायका एक आकडा सांगायच्या आणि वही दुसरा. आता वजन झाल्याबरोबर बाईच्या मोबाईलवर मेसेज जातो. तक्रारी जवळजवळ थांबल्या.

मिरजोळे_एचआर (रत्नागिरी)

दादा, ताई, खूप आभार. आमचंही किलोवरच आहे. अजून एक विचारते. ठेकेदाराचं बिल पास करताना पीएफ-ईएसआयचं (कामगार विम्याचं) काय बघता? चलनाची झेरॉक्स येते, त्यावर एकूण रक्कम असते. आमच्या कुठल्या बाईचे किती भरले ते त्यात कळतच नाही.

लोटे_शटडाऊन (खेड)

झेरॉक्सवर बिल सोडू नका. ठेकेदाराने भरलं नाही तर ते प्रिन्सिपल एम्प्लॉयर (ज्याच्याकडे काम चालतं तो मूळ मालक) म्हणून तुमच्याच गळ्यात येतं. त्याच्याकडून ईसीआरची (पीएफ भरल्याच्या माणसागणिक तपशिलाची) फाईल मागा, त्यात प्रत्येक यूएएनसमोर पगार आणि वर्गणी असते. ती तुमच्या हजेरीशी यूएएनवर जुळवा. हजेरीत आहे आणि ईसीआरमध्ये नाही, अशी नावं निघाली की तेवढ्यांचं बिल थांबवा, बाकीचं सोडा. ईएसआयला महिना २१,००० च्या आतला पगार असलेल्यांचं बघा.

आणखी एक रिपोर्ट आत्ताच करून घ्या. कुठल्याही तारखेला कुठल्या ठेकेदाराची किती माणसं आत होती. श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि ठेक्यावरची माणसं ५० किंवा जास्त असली की ठेका कामगारांच्या तरतुदी लागतात. इन्स्पेक्टर आला की पहिला प्रश्न हाच असतो. नेमणुकीच्या तारखा नीट भरल्या असतील तर हा रिपोर्ट एका फिल्टरवर निघतो.

मिरजोळे_एचआर (रत्नागिरी)

नेमणुकीचा डॉकटाइप या आठवड्यात टेस्ट साइटवर बनवते. आधी मेडिकलच्या नोंदी एका कोडवर आणते, कोळंबी सुरू व्हायच्या आत ते झालंच पाहिजे. अडले तर इथेच विचारेन.