प्रति: आजीच्या ट्रंकेतले खण

आजीच्या ट्रंकेतल्या खणांवरच्या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की जुने खण, म्हणजे चोळीची काठाची कापडं, नुसते साठवून काय उपयोग, शिवून टाका सरळ. अर्धं पटतं मला. शिवावेतच, पण आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा आणि घडी बघा, कारण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या जुन्या हातमागाच्या खणाचा पन्हा साधारण ३०-३१ इंचच असतो, आजच्या ४४ इंची कापडाच्या हिशोबाने कुर्ती बेतायला गेलात तर कापड कमी पडणारच. तो विणलाच चोळीसाठी, दोन्ही काठ बाह्यांवर आणि खाली यावेत असा, त्यामुळे ब्लाऊज नाहीतर बटवा, उशीचा अभ्रा असलं काहीतरी करा.

आणि घडीबद्दल कोणीच बोललं नाही! ओटीत आलेले खण त्रिकोणी घडीतच वर्षानुवर्षं पडून राहतात आणि रेशीम नेमकं त्या तिरक्या रेषेवर विरतं. माझ्या आईकडच्या एका जांभळ्या खणाची बुट्टी, म्हणजे विणलेली नक्षी, अजून लखलखीत आहे पण उजेडात धरला की घडीवरनं आरपार दिसतं, फार जीव तुटतो बघून. म्हणून माझ्याकडचे सगळे मी रुंद गुंडाळी करून धुतलेल्या जुन्या सुती साडीत ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, दमटपणा कोंडतो.

रेशीम की पॉलिस्टर कळत नसेल तर कडेचे दोनचार धागे काढून जाळून बघा, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. बाजारात हल्ली खण म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं असा मणीच देतं.