जेवायला तीन वाजतात, ॲप साडेबाराला विचारतं. वर्षाचे पैसे भरू का?

पोळीभाजी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. वय ५८, टाइप २ मधुमेह बरीच वर्षं आहे, बीपीची गोळी गेल्या दिवाळीपासून. कर्वेनगरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मुलगा वाकडला असतो, त्यानं माझ्या फोनवर शुगर सांभाळायचं एक ॲप टाकून दिलं. सुरुवातीचे काही महिने फुकट होतं, आता वर्षाचे पैसे मागतायत. भरावेत का? नुसतं हो-नाही सांगू नका, आधी ऐका.

खाल्लेलं लिहायचं, ग्लुकोमीटरचा आकडा टाकायचा, पावलं ते स्वतः मोजतं. एक 'कोच' मुलगी मेसेज करते. गोड बोलते बिचारी. पण तिचं 'जेवलात का?' साडेबाराला येतं, तेव्हा माझ्या दारात डब्यांची रांग असते. मी जेवते तीनला. पहाटेपासून उभी, आणि फोन पिठाच्या डब्याशेजारी फळीवर. संध्याकाळी निरोप येतो, 'आज हालचाल फारच कमी झाली!' त्या दिवशी आम्ही तिघींनी चारशे पोळ्या केल्या होत्या.

आणि लिहू तरी काय? मीठ-तिखट बघायला प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर तोंडात जातं, पोळी फाटली तर तीही. यादीत 'रोटी, मध्यम' आहे. तेल लावलेली घडीची पोळी कुठे बसवायची? वजनापुढे मात्र हिरवी खूण, कारण मी पहिल्यापासून काटकुळी. मग शुगर का चढते?

याहून जास्त टोचतं ते वेगळंच. आकडा टाकला की मुलाला दिसतो. लगेच मीटिंगमधून फोन, "आई, काल दोनशे दहा कशी?" प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला उभं केल्यासारखं वाटतं. म्हणून ऑर्डरचा शिरा चाखला की त्या दिवशी मी बोट टोचतच नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ८.६ होता, आता ८.१ आहे. ॲपवाले म्हणतात आमच्यामुळे. पण मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. श्रेय कोणाचं?

आहारतज्ज्ञ_कोथरूड

काकू, पैशांचं नंतर बघू. वाढवलेली गोळी कोणती? ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड सकाळी घेऊन तुम्ही तीनला जेवत असाल, तर ऐन गर्दीत शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड होते आणि आपल्याला वाटतं, दमलो. तसं वाटलं तर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. जेवणाची खरी वेळ डॉक्टरांना सांगितली आहे का? माझ्याकडे येणारे बहुतेक जण सांगत नाहीत.

श्रेयाचं म्हणाल तर एचबीए१सीवरून ते ठरणार नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते. गोळी, खाणं, चालणं सगळं एकाच आकड्यात. त्यापेक्षा जोडीनं मोजा: जेवणाआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. काही दिवस पोळी, काही दिवस भाकरी. आणि १६५ आली की १८० यावर जीव टांगू नका. १०० च्या वर मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकालाच मान्य आहे.

तळजाई_पहाटे

हिरव्या खुणेवर जाऊ नका. आपल्या पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहिलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपण दिसतो बारीक, चरबी आत पोटात. टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात. तुमचं ॲप कंबर विचारतं का? माझं नाही विचारत.

अमृततुल्य_बिनसाखर

मोबाइलनं काहीच होत नाही असं नाही हं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर प्रयोग केला होता, २०१३ मध्ये छापून आला. निम्म्यांना फोनवर साधे एसएमएस जायचे. दोन वर्षांत एसएमएसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७. ना कोच, ना हिरवी खूण. अर्थात त्यांना मधुमेह झालेला नव्हता, तुमचं प्रकरण पुढचं आहे.

मुलाला दिसणं सेटिंगमध्ये बंद होतं का बघा. फारच कुरकुर केली तर म्हणावं, तुझा आकडा दाखव आधी. हिंजवडीत बसून बसून त्याचीही कंबर बघण्यासारखी झाली असेल.

पोळीभाजी_कर्वेनगर

गोळी ग्लिमेपिराइडच निघाली. आठवडाभर जोडीनं मोजलं तर गंमत वेगळीच: जेवणाआधीचाच आकडा चढलेला, पोळी की भाकरी हे नंतरचं. म्हणजे बटाट्याची भाजी आणि फाटक्या पोळ्या! चव बघायचं काम आता मावशींकडे दिलंय. त्यांचा हात माझ्यापेक्षा तिखट, दोन गिऱ्हाइकं बोललीसुद्धा.

आहारतज्ज्ञ_कोथरूड

थांबा! चाखणं बंद केलंत तर नाश्त्यापासून तीनपर्यंत पोटात काहीच नाही आणि गोळी तेवढीच. आजवर त्या चमचा-चमचानं शुगर वर धरून ठेवली असेल. आजच डॉक्टरांना फोन करा. स्वतःहून गोळी कमी करू नका, उपाशीही राहू नका.

पोळीभाजी_कर्वेनगर

केला. त्यांनी डोस बदलला आणि बाराला मूठभर फुटाणे खायला सांगितले. घरचा गजर लावलाय, फळीवरच. कोचला म्हटलं, बाई, माझी जेवणाची वेळ तीन कर. उत्तर आलं, 'सिस्टिममध्ये दुपारचं जेवण दोनपर्यंतच आहे.' तेव्हा पैसे काही भरत नाही. मुलाला रविवारी मीच आकडे वाचून दाखवीन, शिऱ्याच्या दिवसासकट.

आता जोडीनं मोजायचं म्हणजे पट्ट्या भराभर संपतात. कोथरूड-कर्वेनगरात घाऊक भावानं कोणी देतं का? एक्सपायरी जवळ आलेल्या नकोत.