डेंग्यूमध्ये ‘एमडीए’ वाढलेला आला, तर आजार गंभीर आहे असे समजावे का?

प्रश्नकर्ता, काटोल रोड, नागपूर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ काटोलला राहतो. गेल्या आठवड्यात त्याला डेंग्यू झाल्याचे निदान झाले. एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. तेथील एका संकलन केंद्राने तापाच्या पॅकेजमध्ये ज्या चाचण्या केल्या, त्यांत मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, ही चाचणीही होती. तिचा आकडा संदर्भमर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आला आणि खाली ‘तीव्र ऑक्सिडेटिव्ह ताण’ असा शेरा होता. तो वाचून आई फार घाबरली आहे. नागपुरातील ज्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला आणले, त्यांनी मात्र त्या आकड्याकडे लक्षही दिले नाही. ते रोज दोनदा पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) आणि पेशी, म्हणजे प्लेटलेट, तपासायला सांगतात. या आकड्यावरून आजाराची तीव्रता कळते का? आणि तो कमी करण्यासाठी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या द्याव्यात का?

जीवरसायनशास्त्राची शिक्षिका

भावाची प्रकृती आता कशी आहे, तेही कळवा. उपचाराबद्दल डॉक्टरांनीच सांगावे. मी केवळ आकड्याविषयी लिहिते.

विषाणूचा संसर्ग झाला की न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशी एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने सुपरऑक्साइड तयार करतात आणि त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. या रसायनांची झळ आपल्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही बसते; यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. पेशीपटलांतील असंतृप्त मेदाम्ले विघटित होतात आणि त्या विघटनातून जे पदार्थ उरतात, त्यांपैकी एक एमडीए. त्यामुळे डेंग्यूत तो वाढावा, यात नवल नाही. पुदुच्चेरीच्या संशोधकांनी २००८ साली डेंग्यूच्या रुग्णांच्या प्लाझ्मातील (रक्ताच्या द्रव भागातील) प्रथिनांवरचे कार्बोनिल गट, म्हणजे अशाच ताणाने प्रथिनांना झालेल्या इजेची खूण, मोजून, ही खूण गंभीर डेंग्यूची पूर्वसूचना देऊ शकेल असे मांडले होते. विषय महत्त्वाचा आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवे. परंतु रुग्णांच्या दोन गटांच्या सरासरीत फरक दिसणे वेगळे, आणि एका रुग्णाच्या एकाच आकड्यावरून त्याचे पुढे काय होईल हे सांगणे वेगळे.

शिवाय बहुतेक ठिकाणी एमडीए थेट मोजला जात नाही. थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत नमुना तापवून येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर वाचतात, आणि त्या वाचनात इतर अल्डिहाइडे व बिलिरुबिन यांचीही भर पडू शकते. त्याशिवाय माणसाची मूळ पातळी आपल्याला ठाऊक नसते. तंबाखू आणि मधुमेह यांनी ती आधीच वाढलेली असू शकते. आपल्या विदर्भात तर सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो, कारण ‘एसएस’ (आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या) रुग्णाच्या तांबड्या पेशींमध्ये असा ताण ताप नसतानाही असतो. भाऊ खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातो का? सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ

नमुना कसा आणला होता, हे मला सर्वांत आधी विचारायचे आहे. एमडीएसाठी रक्त घेतल्यावर लगेच बर्फात ठेवून लवकर सेंट्रिफ्यूज करावे लागते, कारण नळीत पडून राहिलेल्या रक्तातही मेदाचे ऑक्सिडीकरण चालूच राहते. तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर आकड्यावर मुळीच विसंबू नये.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनीही नेमके विचारले. रक्त सकाळी अकराला घेतले आणि इतर गावांचे नमुने गोळा करत तो मुलगा दुचाकीवरून दुपारी चारनंतर नागपूरला पोहोचला, बर्फ नव्हता. अहवालात ‘नमुना किंचित हिमोलाइज्ड’ (म्हणजे काही तांबड्या पेशी फुटलेल्या) असेही बारीक अक्षरात लिहिलेले आहे, ते मी आज पाहिले. भाऊ रोज खर्रा खातो. सिकलसेलची तपासणी महाविद्यालयात झाली होती, ती निगेटिव्ह होती. काल संध्याकाळपासून ताप उतरला आहे, त्यामुळे आता त्याला काटोलला परत न्यावे असा घरच्यांचा विचार आहे.

फिजिशियन, धंतोली

कृपया आज परत नेऊ नका. डेंग्यूत आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि हा काळ साधारणपणे २४ ते ४८ तास टिकतो. प्लाझ्मा बाहेर गेला की उरलेले रक्त दाट होते आणि पीसीव्ही वाढतो. तो रुग्णाच्या मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढला, म्हणजे ४० चा ४८ झाला, तर पाझर झाला आहे असे आम्ही धरतो. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते आणि दिवसातून अनेकदा करता येते. आपल्या डॉक्टरांनी पीसीव्हीवर लक्ष ठेवले आहे, ते अगदी योग्य आहे. एमडीएचा आकडा मला सलाइन किती द्यावे हे सांगत नाही, आणि आपल्या भावाचा नमुना ज्या रीतीने आला, ते पाहता तो बाजूलाच ठेवावा.

व्हिटॅमिन सीबद्दल: कोविडच्या रुग्णांवर त्याची मोठी मात्रा आणि जस्त देऊन झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणांचा कालावधी कमी झालेला दिसला नाही. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजता आला म्हणून गोळीने तो उतरवल्यास आजारही उतरेल, असा थेट हिशेब नाही. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र देऊ नका.

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणे किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणे, यांपैकी एकही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी त्याला रुग्णालयात आणा. आईंनाही ही लक्षणे सांगून ठेवा. रात्री बहुधा त्याच त्याच्याजवळ असतील.