हाताखालच्या माणसाला 'तुझ्यामुळे झालं' असं शेवटचं कधी म्हणालात? अनुभव सांगा

आपल्याकडे तोंडावर आभार मानले की समोरचा अवघडतो. "आभार कसले मानता भाऊ, मी परका आहे का?" असं वर ऐकायला मिळतं. या समजुतीच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसून होतो.

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात आमचे एक ऑपरेटर २२ वर्षांनी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी सांगितलं की एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनचा, आवाज जरा बदलला की हे जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून उठायचे, आणि त्यामुळे कितीदा मशीन बंद पडायची वाचली. नंतर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "साहेब, हे तुम्हाला दिसत होतं? मला वाटलं कोणाच्याच ध्यानात नाही."

दिसत होतं. रोज दिसत होतं. फक्त मी कधी सांगितलं नाही, आणि हे मला फार लागलं आहे. तुमच्या हाताखाली दोन माणसं असोत की दोनशे, लिहा. ज्यांना असा साहेब मिळाला, किंवा मिळाला नाही, त्यांनीही लिहा.

रावेर, केळी कटाईच्या टोळीचा मुकादम

आमच्या कामात चूक लगेच दिसते. घड खांद्यावरून उतरवताना घासला, की सालीवर काळा डाग येतो आणि माल पोहोचेपर्यंत तो पसरतो. व्यापारी भाव तोडतो. म्हणून मी दिवसभर ओरडत असायचो, "हळू, हळू." ज्याच्या घडाला डाग नाही, त्याला काही बोलायचं कारणच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कांदेबागेचा, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीचा, माल दिल्लीला गेला होता. तिथल्या व्यापाऱ्याचा फोन आला, "माल एकदम स्वच्छ उतरला, तुमच्या पोरांचे हात चांगले आहेत." मी हो हो म्हणून फोन खिशात टाकला. रात्री जेवताना लक्षात आलं, की शाबासकी पोरांची होती आणि ती माझ्या मोबाइलमध्येच अडकून पडली. आजवर अशा किती अडकल्या असतील!

आता असा फोन आला की मी स्पीकरवर लावतो. कटाई थांबवून. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. सगळ्यांना एकदम न बोलता, कोणत्या बागेचा माल होता आणि त्या दिवशी घड कोणी वाहिले होते ते नावानं सांगतो. एकजण कपड्यावरचे केळीच्या चिकाचे डाग दाखवून म्हणाला, "मुकादम, घरी बायको या डागांवरून बोलते. आज तिला सांगेन की मालावर एक नव्हता."

धुळे, खाजगी कंपनीत नोकरी

मी दुसऱ्या बाजूचा. आमचे साहेब रोज रात्री ११ वाजता ग्रुपवर 'थँक यू टीम' टाकतात, हात जोडल्याच्या चित्रासह. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा याच साहेबांनी एक दिवसाची रजा नाकारली. त्या रात्रीही 'थँक यू टीम' आलंच. तेव्हापासून तो शब्द वाचला की पोटात कालवतं. आधी पगार वेळेवर, हक्काची रजा, मग आभार. क्रम उलटा झाला की ती फसवणूक वाटते.

धडगाव, अंगणवाडी मुख्यसेविका

धुळ्याच्या भाऊंचं म्हणणं मला माझ्या एका सेविकेनं शिकवलं. तिच्या पाड्यावर रेंज नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरायला ती टेकडी चढून जाते, पावसाळ्यातसुद्धा. मासिक बैठकीत मी तिला उभं करून कौतुक केलं. टाळ्या झाल्या. ती खाली बघत राहिली. नंतर बाकीच्या दोघी-तिघी तिच्याशी नीट बोलेनात, कारण टेकडी त्याही चढत होत्या, फक्त मला माहीत नव्हतं.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "ताई, टाळ्या राहू द्या, प्रवासभत्त्याची बिलं अडकली आहेत तेवढी बघा." मी दोन दिवस तालुक्याला बसून बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांतल्या, सगळ्यांची बिलं मार्गी लावली. एकही भाषण केलं नाही. पुढच्या बैठकीला तिनं घरून माझ्यासाठी आंबाडीची भाजी आणि भाकरी आणली होती.

आता बैठकीत प्रलंबित कामांच्या यादीआधी मी प्रत्येकीला विचारते, "या महिन्यात सगळ्यात अवघड काय गेलं?" बऱ्याच गोष्टी मला तेव्हाच कळतात. ज्याचं कौतुक करायचं ते आधी माहीत तर हवं!

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

मे महिन्यात पारा ४५ पार गेला की रूळ तापून प्रसरण पावतात, वाकण्याचा धोका असतो. ट्रॅकवरची माणसं भर दुपारी गस्त घालतात. मी बोलका नव्हतो. आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर पूर्ण टप्पा चालायचो. काय वाटायचं ते त्यातच आलं.

धागाकर्ता

धुळ्याचे भाऊ, तुमचं पटलं. आमच्या त्या ऑपरेटरचा ओव्हरटाइमचा फरक बाकी होता, निवृत्तीच्या गडबडीत राहून गेला होता. काल स्वतः हिशेब करून ऑफिसात दिला. शाल देण्याआधीच द्यायला हवा होता.

अमळनेर, शेतकरी

कारखाना नाही, पण माझ्याकडे एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आहे. पोळ्याला आम्ही बैलांना आंघोळ घालतो, सजवतो, पुरणपोळी खाऊ घालतो, त्यांच्यापुढे हात जोडतो. सालदाराला मात्र वर्षात एकदा समोर बसवतो, तेही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पुढच्या सालाचे पैसे ठरवायला.

यंदा आखाजीला आकडा बोलण्याआधी मी त्याला सांगितलं, "दिवाळीआधी परतीचा पाऊस आला, त्या रात्री मी अमळनेरला अडकलो होतो. तू रात्री २ वाजता एकट्यानं खळ्यातला मका झाकलास. तो मका तुझ्यामुळे घरात आला." मग सालाचा आकडाही मीच वाढवून सांगितला, त्याला मागायला लावला नाही.

तो बराच वेळ मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, ती ताडपत्री फाटेल व्हती. औंदा नवी आणून ठेवा."