खर्गे की थरूर? सोमवारच्या मतदानाआधी

मतपेटी:
काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी येत्या सोमवारी, १७ ऑक्टोबर २०२२ ला मतदान आहे: मल्लिकार्जुन खर्गे विरुद्ध शशी थरूर. याआधीची लढत २००० सालची. सोनियाजींविरुद्ध जितेंद्र प्रसाद यांना तेव्हा ९४ मतं पडली होती. मी काही मतदार नाही, पण माझा कौल थरूरांना. पक्षाला पूर्णवेळ आणि कामात दिसणारा अध्यक्ष हवा, असं ऑगस्ट २०२० मध्ये ज्या तेवीस नेत्यांनी लिहून दिलं, त्यांत ते होते. नुसतं पत्र लिहून थांबले नाहीत, उभे राहिले. जाहीरनामा काढला, राज्यांना अधिकार द्या म्हणाले, प्रचाराला निघाले ते नागपूरच्या दीक्षाभूमीवरून. खर्गेसाहेब आता ८० वर्षांचे. निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना द्यायचं पक्षाच्या उदयपूरच्या शिबिरात मे महिन्यातच ठरलंय ना?

सीमाभाग:
मग ६६ वर्षांचे थरूर पन्नाशीच्या आतले कसे? वयाचा मुद्दा सोडा. खर्गे १९७२ पासून सलग नऊ वेळा कर्नाटकच्या विधानसभेवर निवडून आले, आठ वेळा एकट्या गुरमिठकलमधून. मुख्यमंत्रिपद तीनदा हुकलं, तरी पक्ष सोडला नाही. २०१९ ला गुलबर्ग्यात पडले, तरी घरी बसले नाहीत. कामगारांचे खटले लढवत वर आलेला दलित नेता जगजीवनरामांनंतर पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसेल. थरूर २००९ ला पक्षात आले, तिकीट घेऊनच. तालुक्याच्या कार्यकर्त्याला रात्री फोन करायचा झाला तर तो कुणाला करेल?

मतपेटी:
नऊ विजयांना माझा नमस्कारच आहे. पण तिरुअनंतपुरम तीनदा जिंकणंही सोपं नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तर देशभर पडझड होती.

जुनेकात्रण:
दोघेही उमेदवाराकडे बघताय, मला खुर्चीची काळजी वाटते. १९३९ ला याच पदासाठी सुभाषबाबूंनी गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं. गांधीजींनी तो आपला पराभव मानला, कार्यसमितीतले, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतले, बहुतेक जण बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. १९५० ला पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली. टंडन जिंकले. नेहरूंशी जमलं नाही, वर्षभरात त्यांनीही पद सोडलं. मतं मिळाली म्हणजे पक्ष हाती येतो असं नाही. म्हणूनच मी खर्ग्यांच्या बाजूने. दहा जनपथचा, म्हणजे सोनियाजींच्या घरचा, विश्वास असलेला माणूस निदान काम तरी करू शकेल.

मतपेटी:
तुमची उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष मला उलटा दिसतो. निवडून आलेल्या अध्यक्षाला घालवायची सवय १९३९ पासून आहे, म्हणून आता आधीच मर्जीतला निवडायचा? मग मतदान घ्यायचंच कशाला? गांधी घराणं तटस्थ आहे म्हणतात, पण काही प्रदेशाध्यक्ष खर्ग्यांच्या स्वागताला हजर असतात आणि थरूर आले की भेटत नाहीत. मतदारांच्या यादीत अनेकांचे फोन नंबरच नाहीत, ही तक्रार थरूरांनी उघड केलीय. प्रचार करायचा तरी कसा?

सीमाभाग:
यादीचं मान्य, ते चुकलंच. पण खर्ग्यांनी राज्यसभेतलं विरोधी पक्षनेतेपद सोडलं, त्यांच्यासाठी तीन प्रवक्त्यांनी राजीनामे देऊन मग प्रचार केला. हे तरी नियमाने झालं.

जुनेकात्रण:
मला एकच सांगा. कार्यसमितीतल्या बारा जागा निवडणुकीने भरायच्या, असं पक्षाच्या घटनेत आहे. अशी निवडणूक शेवटची झाली ती १९९७ ला, सीताराम केसरी अध्यक्ष असताना. खर्गे अध्यक्ष झाले तर ती घेतील?

सीमाभाग:
घ्यायलाच हवी. नाही घेतली तर मी इथेच येऊन त्यांच्याविरुद्ध लिहीन.