तीन ठिकाणी विखुरलेल्या संशोधन गटासाठी सॉफ्टवेअरची मांडणी कशी करावी?

खडकपाणी

नमस्कार. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकात भूजलपातळी कशी बदलते याचा अभ्यास करणारा आमचा छोटा गट आहे. काही जण पुण्यात, क्षेत्रकाम करणारे दोघे लातूरला आणि मॉडेल तयार करणारा सहकारी जर्मनीत असतो. निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आम्ही वर्षातून चार वेळा मोजतो. त्या नोंदी, सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा, पायथॉनमधील कोड आणि शोधनिबंधाचा मसुदा हे सगळे सध्या एकाच सामायिक ड्राइव्हवर आहे. अलीकडे एका तक्त्यात काही विहिरींच्या पातळीच्या जागी तारखा दिसू लागल्या; हा बदल कोणी आणि केव्हा केला याचा मागही लागला नाही.

हे सर्व सांभाळणारे एखादे तयार व्यासपीठ आहे का, की निरनिराळी साधने जोडावी लागतील? लातूरचे सहकारी कोड लिहीत नाहीत आणि सर्व्हर सांभाळायला आमच्याकडे वेगळा माणूस नाही, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

अक्षांश

तारखांचे कारण बहुधा असे असावे. जर्मन मांडणीच्या एक्सेलमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब तारखेचे चिन्ह मानले जाते. त्यामुळे तुमची ७.५ मीटर ही नोंद तिथे फाइल उघडताच ७ मे होते, ९.१२ ची ९ डिसेंबर होते, पण १४.३५ पासून तारीख बनत नसल्याने ती नोंद मजकूर म्हणून तशीच राहते. म्हणूनच बिघाड सर्व विहिरींत न दिसता काहींतच दिसला असेल. हा प्रश्न फक्त तुमचा नाही. एक्सेल काही जनुकांच्या संक्षिप्त नावांच्या तारखा करून टाकत असे, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ती नावेच बदलली.

सर्व गरजा भागवणारे एकच व्यासपीठ शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीची अधिकृत प्रत कुठे राहील आणि ती कोण बदलू शकेल, हे आधी लिहून काढा. साधने त्यानंतर आपोआप ठरतात.

मोजणीच्या मूळ नोंदी सीएसव्ही स्वरूपात (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवाव्यात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले तेच जगभर विखुरलेल्या लिनक्स विकासकांसाठी, त्यामुळे कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली हे त्यात उघड दिसते. मूळ फाइलला कोणीही हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती कोडमधून, म्हणजे तिचे कारणही नोंदले जाते. गिटमधील फाइली ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटलॅब किंवा गिटहबवर मुख्य ब्रँच (सर्वांची अधिकृत प्रत) सुरक्षित करून घ्या, म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने पाहिल्याशिवाय बदल आत येणार नाही.

उपग्रह प्रतिमा मात्र गिटमध्ये घालू नका. गिटहब १०० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल स्वीकारतच नाही, आणि तशा फाइलींसाठी गिट एलएफएस किंवा डेटालॅडसारखी साधने असली तरी तुम्हाला त्यांची गरज दिसत नाही. सेंटिनेलच्या प्रतिमा सर्वांना मोफत मिळतात. वापरलेल्या प्रतिमांच्या ओळखक्रमांकांची यादी आणि त्या उतरवून घेणारा कोड एवढेच जपले तरी पुरते.

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड आणि त्याचे निकाल एकत्र दाखवणारी फाइल, याबाबत एक सूचना. ती फाइल आतून जेसन या रचनाबद्ध मजकूर-स्वरूपाची असते, तिच्यात आलेख आणि निकालही साठतात, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी काम केले की बदल जुळवणे फार त्रासाचे होते. ज्युपिटेक्स्ट वापरून नोटबुकची साधी पायथॉन प्रत गिटमध्ये ठेवल्यास ही कटकट बरीच कमी होते. कोडला लागणाऱ्या लायब्ररींच्या आवृत्त्या कोंडा या लायब्ररी सांभाळणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवाव्यात. जर्मन सहकारी संगणक-क्लस्टर वापरत असेल तर तिथे डॉकर (कोड आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून चालवणारे साधन) सहसा चालू देत नाहीत. अशा ठिकाणी त्याच कामाचे ॲपटेनर उपयोगी पडते.

शिवार

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु लातूरच्या सहकाऱ्यांना गिट शिकवण्याचा आग्रह कोणी धरू नये असे वाटते. नोंद जिथे जन्माला येते तिथे ती बरोबर असेल तरच पुढच्या सगळ्या व्यवस्थेला अर्थ आहे, आणि ती जागा म्हणजे विहिरीचा काठ.

त्यासाठी ओडीके हे फोनवर अर्ज भरून माहिती गोळा करण्याचे साधन पाहा. अँड्रॉइड फोनवर नेटवर्क नसतानाही अर्ज भरता येतो, प्रश्न मराठीत ठेवता येतात, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदता येतात आणि रेंज मिळाली की माहिती सर्व्हरवर जाते. सर्व्हर चालवणे जमणार नसेल तर त्याच धर्तीचे कोबोटूलबॉक्स आहे. गावाचे नाव हाताने लिहू न देता विहिरीचा सांकेतिक क्रमांक यादीतून निवडायला लावा, कारण एकाच गावाचे नाव तीन जण तीन प्रकारे लिहितात आणि मग त्या तीन विहिरी ठरतात. पाण्याची खोली विहिरीच्या एकूण खोलीपेक्षा जास्त लिहिली गेली तर अर्ज पुढे जाणार नाही, अशी अट घालता येते.

अर्जात आणखी एक रकाना अवश्य ठेवा: मोजपट्टी कठड्यापासून सोडली की जमिनीपासून, आणि कठड्याची उंची किती. एका फेरीत कठड्यापासून आणि पुढच्या फेरीत जमिनीपासून मोजले, तर कठड्याच्या उंचीएवढे पाणी नुसत्या कागदावर वर चढते किंवा खाली उतरते. जर्मनीत बसलेल्या माणसाला आकडे पाहून हे कधीच कळणार नाही, आणि त्याचे मॉडेल त्या फरकाला पावसाचा किंवा उपशाचा परिणाम समजेल. मोजणी करणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता येईल असा शेऱ्याचा रकानाही हवा. ‘शेजारचा पंप चालू होता’ एवढ्या एका वाक्याने एखाद्या विचित्र आकड्याचा उलगडा होतो.

सांख्यिक

चर्चेच्या साधनाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. जर्मनी भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. रोजची बैठक ठेवण्याइतका सामायिक वेळ मिळतो खरा, पण निर्णय बैठकीत झाले की जे त्या दिवशी शेतात होते ते वगळले जातात. लातूरचे सहकारी हेच बहुधा ते असतील, आणि हे मला योग्य वाटत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटात जुनी चर्चा वाहून जाते. झुलिप या चर्चेच्या साधनात प्रत्येक संदेशाला विषय असतो, त्यामुळे ‘मे फेरीतील संशयास्पद नोंदी’ हा धागा दोन महिन्यांनीही जसाच्या तसा सापडतो. लीन या भाषेत गणिती सिद्धता तपासणारा समुदाय याच साधनावर काम करतो. गणितज्ञ पीटर शोल्झ यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपल्या एका अवघड प्रमेयाची सिद्धता अशी तपासून देण्याचे आवाहन केले. वेगवेगळ्या देशांतील गणितज्ञांनी ते काम जुलै २०२२ मध्ये पूर्ण केले. कामाचे तुकडे स्पष्ट असले आणि चर्चा लिखित असली की एवढे अंतर सहज पेलते.

मसुद्यासाठी ओव्हरलीफ (लाटेक या मांडणी-भाषेत एकत्र लिहिण्याचे संकेतस्थळ) चांगले आहे, मात्र लातूरच्या सहकाऱ्यांची नावे लेखक म्हणून असतील तर त्यांना सहज उघडता येईल असा दस्तऐवजच वापरा. संदर्भांसाठी झोटेरोची सामायिक लायब्ररी पुरेशी आहे. निबंध पाठवताना माहिती आणि कोड झेनोडोवर ठेवावा. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या या भांडारात प्रत्येक आवृत्तीला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. सरकारी यंत्रणेकडून घेतलेल्या नोंदी त्यात असतील तर त्या पुन्हा प्रसिद्ध करण्याची परवानगी आधी घ्यावी.

खडकपाणी

सर्वांचे मनापासून आभार. जर्मन सहकाऱ्याकडे विचारणा केली. त्याने ती फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली होती, आणि बिघडलेल्या सर्व नोंदी ‘अक्षांश’ यांनी सांगितलेल्या प्रकारच्याच निघाल्या. पुढच्या फेरीपासून ओडीकेचा मराठी अर्ज वापरण्याचे आणि नोंदी थेट गिटमध्ये घेण्याचे ठरले आहे. कठड्याच्या उंचीचा रकाना लातूरच्या दोघांनीच अर्जात पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावला. आमच्या जुन्या कागदी वह्यांत मोजणी कुठून केली हे काही ठिकाणी लिहिलेले नाही; त्या नोंदींचे काय करावे?

शिवार

त्या टाकून देऊ नका आणि अंदाजाने दुरुस्तही करू नका. मोजणीची जागा ‘अज्ञात’ अशी नोंदवून वहीच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडा. कठडा अजून शाबूत असेल तर पुढच्या फेरीत त्याची उंची मोजून घ्या, म्हणजे चूक जास्तीत जास्त किती असू शकते हे मॉडेल करणाऱ्याला सांगता येईल.